दोन डोक्यांच्या मागून

औंधच्या यात्रेतल्या कबड्डी सामन्यांना आमचा गुणफलक जातो. धंदा आता मुलगा बघतो. पण फलक चढवून झाला की शेवटच्या रांगेच्याही मागे, लोक मोटारसायकली लावतात तिथे जाऊन उभं राहायचं आणि आकडे दिसतात का ते बघायचं, हे काम मी अजून कुणाच्या हातात दिलेलं नाही. त्या दिवशी तिथेच उभा होतो, डोळ्यांवर हाताची झापड धरून, कारण उन्हात लाल आकडा फिका पडतो... आणि मोबाईल वाजला. सांगलीहून मोघेसरांच्या पत्नी, काकू, बोलत होत्या. त्यांनी नेहमीसारखी आधी माझ्या गुडघ्याची चौकशी केली आणि मग म्हणाल्या, "संपतराव, सर गेले. पहाटे, झोपेतच." मी कुठे आहे ते त्यांनी विचारलं. मी सांगितलं, औंधला, सामना चालू आहे. "मग संपवूनच या," काकू म्हणाल्या, "अर्ध्यातून उठलेलं त्यांना आवडायचं नाही." मी अर्ध्यातूनच उठलो. मोघेसरांचं न ऐकण्याची माझी ती बहुधा दुसरीच वेळ असेल. पहिल्या वेळेबद्दल पुढे सांगतो.

मोघेसर सांगलीच्या एका शाळेत मराठी शिकवायचे आणि तिथल्या एका साप्ताहिकात नाटकांवर लिहायचे. सांगलीत जन्मलेला माणूस एक तर नाटकात काम करतो, नाही तर काम करणाऱ्याला नावं ठेवतो. सर दोन्ही करत नसत. ते नाटक बघत. आणि बघण्याचे त्यांचे कायदे होते. तिकीट स्वतःच्या खिशातून काढायचं, फुकटचा पास घ्यायचा नाही. रंगपटात पाऊल टाकायचं नाही. पहिला अंक तिसऱ्या रांगेत बसून बघायचा आणि मध्यंतरानंतर उठून थेट शेवटच्या बाकावर, दाराजवळ जाऊन बसायचं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तीन प्रयोग बघितल्याशिवाय एक ओळ लिहायची नाही. पहिल्या प्रयोगाला नट घाबरलेले असतात, दुसऱ्याला सगळे नातेवाईक आलेले असतात, नाटक काय ते तिसऱ्याला दिसतं, असं ते म्हणत. गावातल्या नाटकमंडळ्या तिसऱ्या प्रयोगाला जितक्या भ्यायच्या तितक्या पहिल्याला भ्यायच्या नाहीत. अशा माणसाशी माझ्यासारख्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची गाठ कशी पडली, असं मला पुष्कळजण विचारतात. ती पडली एका टीव्हीवरच्या खेळामुळे, आणि तो खेळ सपशेल पडला.

आमचं गाव उंब्रजजवळ. घरी ऊस, आणि उसाइतकंच जुनं म्हणजे सैन्य. आबा, म्हणजे माझे वडील, सैन्यात सिग्नलमध्ये हवालदार होते. दोन्ही चुलते फौजेत. मी भरतीला गेलो तेव्हा छाती दोन बोटं कमी भरली आणि घराण्यातला पहिला बिनफौजी म्हणून परत आलो. साताऱ्याला एका दुकानात रेडिओचं काम शिकलो. मग टीव्ही आला. साताऱ्यात उंच अँटेना लावली तर पुण्याकडून चित्र यायचं. सांगलीत मात्र ज्यांनी हौसेनं टीव्ही घेतला होता त्यांच्या पडद्यावर नुसत्या मुंग्या. सत्तरचं दशक सरत आलं होतं. मुंबईच्या एका मासिकात मी एक आकृती बघितली. टीव्हीला एक पेटी जोडायची, पडद्यावर दोन पांढऱ्या फळ्या आणि एक पांढरा ठिपका येतो, आणि दोन माणसं दोन बटणं फिरवून तो ठिपका एकमेकांकडे टोलवतात. मला त्या रात्री झोप आली नाही. ज्यांना मुंग्या दिसतात त्यांना आपण स्वच्छ चित्र देऊ शकतो, मुंबईची गरजच नाही, हे माझ्या डोक्यात घुसलं ते निघेचना. मी दुकान सोडलं. सागवानी पेट्या करून घेतल्या, आत तारांचं जंजाळ बसवलं आणि पेंटरकडून वर नाव घालून घेतलं, 'खेळगडी'.

आबांना हे काही पटलं नव्हतं. त्यांचा विश्वास दोनच गोष्टींवर, रेडिओवरच्या बातम्या आणि छापलेला कागद. त्यांनी मला अंगणात समोर उभं केलं आणि मुदत दिली. "दिवाळीपतूर बघतो. पेपरात काय छापून आलं तर मानीन. न्हाई तर कारखान्यावर वॉचमनची जागा हाय, साहेब आपल्या वळखीचा हाय." वॉचमनच्या कामात वाईट काही नाही. पण दाराशी बसून दुसऱ्यांच्या गाड्यांचे नंबर लिहीत जन्म काढायचा, हे मला नको होतं. म्हणून मी पेटी उचलली आणि सांगलीला त्या साप्ताहिकाच्या कचेरीत गेलो. संपादकांना कळेना याचं करायचं काय. ही बातमी म्हणावी तर घडलेलं काही नाही, जाहिरात म्हणावी तर मी त्यासाठी आलो नव्हतो. शेवटी ते म्हणाले की बसून बघायचं जे काही असतं ते आमच्याकडे मोघेसर बघतात, तुम्ही त्यांच्याकडे जा.

सर ओसरीवर वह्या तपासत बसले होते. बारीक अंगाचे, धोतर नेसलेले, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. मी पेटी खाली ठेवली आणि धडाधडा सगळं सांगितलं. त्यांनी लाल पेन्सिल बाजूला ठेवून एकच विचारलं, "प्रयोग किती झाले?" मी म्हणालो, एकही नाही, फक्त माझ्या खोलीत. "मग तीन लावा," ते म्हणाले, "मी तिन्हींना येईन." चोवीस वर्षांच्या पोराला त्यांनी त्या दिवशी संपतराव म्हटलं, ते शेवटपर्यंत तसंच राहिलं. घरच्यांखेरीज मला अहोजाहो करणारा तो पहिला माणूस. त्याचा मला इतका आनंद झाला की परत जाताना पेटी त्यांच्या ओसरीवरच विसरलो आणि स्टँडवरून मागे यावं लागलं.

पहिला प्रयोग सांगलीत एका हळदीच्या व्यापाऱ्याच्या बंगल्यावर झाला. घाबरून मी तार उलटी जोडली. ठिपका एका बाजूनं पडद्याबाहेर गेला तो परत आलाच नाही. दुसऱ्यांदा जोडली तर फ्यूज उडाला. तिसऱ्यांदा मात्र स्वच्छ काळा पडदा, दोन पांढऱ्या फळ्या, आणि ठिपका फळीवर आपटला की पेटीतून येणारा टक् असा आवाज. इतके महिने मुंग्या बघून कंटाळलेला व्यापारी जावयाबरोबर खेळायला बसला तो चहा निवला तरी उठेना. सर तिसऱ्या रांगेत म्हणावं अशा अंतरावर खुर्ची टाकून बसले होते. मग उठून दाराजवळ गेले.

दुसरा प्रयोग आमच्या गावात, आमच्या अंगणात. साताऱ्याहून एक टीव्ही गोधडीत गुंडाळून जीपनं आणला. दुपारी तीनला अख्खी भावकी गोळा झाली. आता सुरू करणार एवढ्यात थोरल्या चुलत्यांनी विचारलं की हा चेंडू येतो कुठनं. मी तोंड उघडायच्या आत आबा उभे राहिले. सिग्नलचा हवालदार तो, टीव्ही म्हणजे काय हे गावात त्यांच्याइतकं कुणाला कळणार? त्यांनी हवेत हात फिरवून सगळ्यांना समजावलं की चेंडू मुंबईवरनं सोडतात, तो पुण्याच्या डोंगरावर येतो आणि तिथनं आपल्या अंगणात, आपण फक्त परत टोलवायचा. "टेशन उघडल्याबगर बॉल कुटनं येनार? सांजच्याला उघडतंय. बसा समदी."

आणि सगळे बसले. दूरदर्शनचे कार्यक्रम सुरू व्हायला अडीच-तीन तास होते. शंभर माणसांदेखत आबांना खोटं पाडायचं माझ्यात धैर्य नव्हतं आणि खरं सांगायचं तर मनही नव्हतं. आईनं दोनदा चहा केला. शेंगा भाजल्या. चुलते मधूनमधून अँटेनाकडे बघत होते. पाहुणे म्हणून आलेले मोघेसर घोंगड्यावर मांडी घालून शेंगा सोलत राहिले. टीव्हीचं त्यांना काही कळत नव्हतं, पण या पेटीला कुठल्याही स्टेशनची गरज नाही हे त्यांनी सांगलीत डोळ्यांनी बघितलं होतं. त्यांनी अवाक्षर काढलं नाही. दिवेलागणीला आबांनी घड्याळ बघून हात खाली केला, मी बटण दाबलं, ठिपका आला आणि अंगणात टाळ्यांचा कडकडाट झाला. मी जिंकलो की नातेवाईक ओरडायचे, हरलो तरी ओरडायचे. दुसरा प्रयोग कसा असतो ते मला तेव्हा कळलं. रात्री जीपपर्यंत सोडायला गेलो तेव्हा सर फक्त एवढंच म्हणाले, "वडिलांना तुम्ही खाली बघायला लावलं नाहीत. ते बघितलं मी."

तिसरा प्रयोग जतला. तिथे सरांचा एक जुना विद्यार्थी डॉक्टर होता. त्यानं दवाखान्याच्या मागच्या खोलीत टीव्ही ठेवला होता आणि लिंबाच्या झाडाच्या वर जाईल अशी अँटेना लावली होती. चित्र मात्र कधीच आलं नव्हतं. त्या दिवशी बाजार होता. औषधाला आलेले, औषधाला आलेल्यांबरोबर आलेले आणि नुसतेच आलेले असे चाळीसेक लोक खोलीत दाटीवाटीनं बसले. निम्मे कानडी बोलणारे. ओळखीचं कुणी नाही, टाळी वाजवायला भावकी नाही. दोन जण पुढे खेळायला बसले. बटणांच्या तारा मी हातभरच ठेवल्या होत्या, कारण तार लांब झाली की पडद्यावर पट्टे यायचे. त्यामुळे खेळणाऱ्यांना टीव्हीला अगदी नाक लावून, खांद्याला खांदा लावून बसावं लागायचं. माझ्या खोलीत मी एकटाच बघणारा होतो, तिथे ते कधी जाणवलं नव्हतं. थोड्या वेळानं सर उठले आणि शेवटी, औषधाच्या खोक्यांपाशी जाऊन बसले. त्यांच्या शेजारी मायाप्पा नावाचा एक म्हातारा मेंढपाळ होता, खांद्यावर घोंगडं, मांडीवर पंचा. त्यानं आधी कानडीत काहीतरी विचारलं. कुणी उत्तर दिलं नाही. मग सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं मराठीत म्हणाला, "आमास्नी नुसती दोन डोस्की दिसत्यात. जितलं कोन?"

कोण जिंकलं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. खेळणाऱ्यांनाही नाही. गुण मोजायची सोय पेटीत नव्हती. त्यासाठी आणखी तेवढंच जंजाळ लागलं असतं आणि मी ते टाळलं होतं. मायाप्पा गुडघ्यावर हात देत उठला, बाहेर जाऊन मूठभर खडे घेऊन आला आणि पडद्याच्या कडेला उकिडवा बसला. कळपातली मेंढरं मोजायला तो खडेच वापरायचा. ठिपका उजवीकडून निसटला की डावीकडे एक खडा, डावीकडून निसटला की उजवीकडे एक. आता खोलीतले लोक पडद्याकडे बघायचे सोडून मायाप्पाच्या दोन ढिगांकडे बघू लागले. पैजा लागल्या, चुकला चुकला म्हणून ओरडा झाला. मला मात्र शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या यंत्रापेक्षा एका म्हाताऱ्याचे खडे लोकांना जास्त आवडले होते. परत येताना एसटीत मी धीर करून सरांना विचारलं, कसं वाटलं. ते खिडकीबाहेर माळ बघत होते. म्हणाले, छापलं की वाचा.

दिवाळीच्या आधी आठ दिवस ते छापून आलं. मथळा होता, 'दोन डोक्यांच्या मागून'. चित्र स्वच्छ आहे, टक् आवाज कानाला गोड आहे, अंगठा आणि डोळा यांची गाठ घालणारं हे काम कष्टाचं आणि बुद्धीचं आहे, असं त्यांनी पहिल्या परिच्छेदात लिहिलं होतं. तेवढं वाचून मी थांबलो असतो तर बरं झालं असतं. पुढे लिहिलं होतं की आपल्याकडे खेळ दोघे खेळतात आणि बाकीचं गाव तो बघतं, आणि बघणाराही खेळतच असतो. या पेटीच्या कर्त्यानं दोघांचा विचार केला आणि त्यांच्या मागे बसलेल्या अडतीस जणांना विसरला. त्यांना चेंडू दिसत नाही, आणि कोण जिंकलं हे कुणालाच कळत नाही. कर्त्यानं एकदा शेवटच्या रांगेत जाऊन बसावं... मी साप्ताहिक चुरगाळलं. पुन्हा सरळ केलं आणि पुन्हा चुरगाळलं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात तसा मी सरांवर उखडलो. ज्यानं आयुष्यात एक तार जोडली नाही त्यानं माझ्या यंत्राला नावं ठेवावीत? मी त्यांना पोस्टकार्ड लिहिलं. काय लिहिलं ते आज लिहायची लाज वाटते. एवढं सांगतो की घरात मी एकटाच बिनफौजी असलो तरी शिव्यांच्या बाबतीत फौजेला मागे सारलं. चार दिवसांनी उत्तर आलं. "आपला राग रास्त आहे. चौथा प्रयोग कधी? कळवावे." मी कळवलं नाही. न ऐकण्याची ती पहिली वेळ.

आबांच्या हातात ते साप्ताहिक पडलं तेव्हा मी गोठ्यात जाऊन बसलो. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं, मोठ्यानं, आईला ऐकू जाईल असं. मला आत एकेक शब्द ऐकू येत होता. डोक्यात वॉचमनची खाकी टोपीसुद्धा चढवून झाली होती. मग त्यांनी हाक मारली. मी पुढे जाऊन उभा राहिलो.

"त्यो मानूस तीनदा आला," ते म्हणाले. "आमच्या पलटनीवर जनरलसाहेब आलं तरी एकडाव बघून जायचं. आमच्या अंगनात तीन तास शेंगा खात बसला, जतला गेला. तीनदा बघावं असं कायतरी हाय त्येच्यात. कारखान्यावर मी न्हाई म्हनून सांगतो." आणि मी हसायच्या आत बोट उगारून म्हणाले, "पन लोकांस्नी दिसंना म्हनतोय तर दिसंल असं कर की. त्येनं तुला रस्ता सांगितलाय, तू शिव्या म्हनून वाचलायस."

माझं आयुष्य या दोन माणसांनी घडवलं. ते दोघे आयुष्यात एकदाच भेटले, एका घोंगड्यावर, शेंगा सोलत. हे माझ्या खूप उशिरा लक्षात आलं. खेळगडीच्या सात पेट्या खपल्या, बाकीच्या माळ्यावर गेल्या. त्यातली एक जतच्या डॉक्टरनं मागवली होती. त्यानंतर वर्षभर मी मायाप्पाच्या त्या दोन ढिगांचाच विचार करत होतो. आणि मग पत्र्याची मोठी पेटी केली, आत दिव्यांचे आकडे बसवले, आणि उंब्रजच्या कबड्डीच्या मैदानावर पहिला गुणफलक उभा केला. सरांना पोस्टकार्ड टाकलं, चौथा प्रयोग अमुक वारी, यावे. ते आले. माझ्या आधीच्या पत्राबद्दल एक शब्दही काढला नाही. पूर्वार्ध तिसऱ्या रांगेत बसून बघितला. मध्यंतर झालं तशी माझी नजर त्यांच्यावर खिळली. ते उठले, धोतराचा सोगा सावरत सगळ्या गर्दीच्या मागे गेले, लोक बैलगाड्या सोडतात तिथे उभे राहिले आणि चष्मा काढून, पुसून परत घातला. सामना संपल्यावर माझ्याजवळ येऊन एकच शब्द बोलले, "दिसतं." मला आजवर हार-शाली पुष्कळ मिळाल्या. त्या कपाटात आहेत. तो शब्द मी रोज वापरतो.

त्यानंतर आमचं जाणंयेणं सुरू झालं ते कायमचं. सांगलीला माल घ्यायला गेलो की मी त्यांच्या ओसरीवर टेकायचो. त्यांना मूलबाळ नव्हतं. घरात ते आणि काकू, दोघंच. काकू चहा आणायच्या, चहात आलं इतकं की ठसका लागायचा. मी काही लिहिलं की सर लाल पेन्सिल घेऊन त्यातली विशेषणं कापायचे. हा लेख त्यांनी बघितला असता तर निम्म्यावर आणला असता. ते नवा गुणफलक बघायला जमेल तिथे यायचे, नव्वदीच्या उंबरठ्यावरही काठी टेकत मैदानाच्या शेवटाला जायचे. त्यांनी माझं कौतुक केलं नाही आणि मी त्यांचे आभार मानले नाहीत. दोघंही एकमेकांची वाट बघत राहिलो बहुतेक... मला याचंच वाईट वाटतं. इतक्या वर्षांत ओसरीच्या आत, माजघरात, मी कधी गेलो नाही. तशी वेळच आली नाही, असं मी समजत होतो.

दिवसकार्य झाल्यावर पंधरा दिवसांनी काकूंनी बोलावून घेतलं. मी सवयीनं ओसरीवर बसायला लागलो तर म्हणाल्या, आत या. माजघरात भिंतीशी जुना, लाकडी दाराचा टीव्ही होता. त्याच्यासमोर हातभर अंतरावर दोन वेताच्या खुर्च्या, एकमेकींना अगदी खेटून. मला काही कळेना. काकूंनी टीव्हीवरचा विणलेला रुमाल उचलला. खाली माझी पेटी होती. सागवानी. पेंटरचं 'खेळगडी' हे नाव हातांनी पुसट झालेलं, दोन्ही बटणं घासून गुळगुळीत. उलटी करून बघितली, तर तळाला माझ्याच हातचा आकडा. जतच्या डॉक्टरला पाठवलेली पेटी ती हीच.

"त्याच्याकरवी मागवली होती," काकू म्हणाल्या. "ते छापून आलं त्याच आठवड्यात. रोज दुपारी खेळायचो आम्ही. हरले की तुमच्या तारेला दोष द्यायचे." पुढे पेटी बंद पडली. मी विचारलं, मग मला का नाही बोलावलं, शंभर मैलांवर असतो तरी पळत आलो असतो. काकू हसल्या. समीक्षकानं रंगपटात जाऊ नये, आणि ज्याच्यावर टीका केली त्याला घरी बोलावून ती पेटी दाखवू नये, असं सर म्हणाले होते म्हणे. त्यांनी बंद पेटीवर रुमाल घातला, पण खुर्च्या हलवू दिल्या नाहीत. मग काकूंनी वहीत जपलेले दोन कागद माझ्या हातात दिले. 'दोन डोक्यांच्या मागून'चा हातचा मसुदा. छापून आला होता तसाच, फक्त शेवटी आणखी दोन ओळी होत्या, आणि त्यांच्यावर लाल पेन्सिलीची आडवी रेघ. "ज्या घरात दोनच माणसं राहतात, त्यांच्या मागे बसायला कोणी नसतं. त्यांनी हा खेळगडी जरूर घ्यावा." बाजूला, समासात, स्वतःलाच लिहिलेली सूचना होती, समीक्षेत आपलं घर आणू नये.

मी तिथेच बसून रडलो. इतकी वर्षं मला वाटत होतं की माझं यंत्र कुणालाच उपयोगी पडलं नाही. पुढच्या आठवड्यात आमच्या गुणफलकांच्या कारखान्यातून एक जुना काळापांढरा टीव्ही घेऊन गेलो, कारण त्यांचा केव्हाच बंद पडला होता; पेटीतला एक सुकलेला कपॅसिटर बदलला, दोन जागी नव्यानं सोल्डर केलं. बटण दाबलं तर काळ्या पडद्यावर दोन फळ्या उभ्या राहिल्या आणि तो ठिपका टक् करून निघाला. पाय आपोआप मागे वळले. मी दाराशी जाऊन उभा राहिलो, दिसतं का ते बघायला. तिथून काकूंचं पांढरं डोकं दिसत होतं आणि शेजारी रिकामी खुर्ची. पडदा सगळा दिसत होता.

"या की," काकू मागे न बघता म्हणाल्या. "डावीकडची त्यांची. एकटीनं कसं खेळू?"

मी जाऊन त्या खुर्चीत बसलो. काकूंच्या मांडीवर वाटीभर चिंचोके होते, गुण मोजायला. शहाऐंशी वर्षांचा तो अंगठा बटणावर असा काही फिरला की पहिला डाव मी बघता बघता हरलो. त्यांनी आपल्या बाजूला शेवटचा चिंचोका ठेवला. इतक्या वर्षांचे राहिलेले आभार मानावेत म्हणून मी तोंड उघडलं, तर त्यांनी पडद्यावरची नजर न काढता हात वर केला.

"तीन झाल्याशिवाय काही बोलायचं नाही, संपतराव."

मी दुसरा डाव सुरू केला.